काळखडी बेचिराख

"काळखडीत राहतं कोण, बाई?" साहेबांनी अर्जावरची नजर न काढता विचारलं.

"म्या ऱ्हाते," टेबलापुढे उभ्या असलेल्या झुंबरबाईनं सांगितलं.

"कागदावर गाव बेचिराख आहे."

"कागदावर आसंल. म्या हाय की."

शेजारच्या टेबलावर पुंजाराम पगारेनं फायलीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. नकाशात आहे, जमिनीला नंबर आहेत, पण राहायला माणूस नाही, अशा गावाला महसूल खातं बेचिराख म्हणतं. एकदा हा शब्द चिकटला की सुटत नाही. नाशिकच्या त्या कचेरीत वीस वर्षं घासलेल्या पगारेला हे कुणी शिकवायला नको होतं.

झुंबरबाईला कचेरीतले सगळे ओळखत. वर्षातून दोनदा ती एसटीनं यायची, लुगड्याच्या ओच्यातून घडी घातलेला अर्ज काढायची आणि थेट पगारेच्या टेबलाशी उभी राहायची. "गावाचं नाव लावून द्या, दादा." पगारे म्हणायचा, "बघतो, आजी." सरकारी 'बघतो'ला मुदत नसते. दहा वर्षं तो बघत होता, आणि बघण्यासारखं एकच होतं. त्र्याहत्तर सालच्या पाहणीच्या कागदाखाली त्याची स्वतःची सही होती.

आज मात्र अर्ज साहेबांच्या हातात पडला होता, कारण चौऱ्याऐंशीच्या त्या फेब्रुवारीत तालुक्याचे दोन तुकडे करायचं घाटत होतं. कुठलं गाव कुठल्या तालुक्यात, कुठल्या मंडळात, कुठल्या तलाठ्याकडे, याची यादी परवा छापायला जायची होती. बेचिराख गावाला त्या यादीत स्वतःची ओळ नव्हती. त्याची जमीन शेजारच्या गावात मिसळायची, की विषय संपला.

"पगारे, उद्या स्वतः जाऊन या," साहेब म्हणाले. "पहिली पाहणी चुकली, असं कारणासकट लिहून आलं तरच नाव ठेवता येईल. कुणी केली होती ती?"

"जुना कागद आहे साहेब. शोधावा लागेल."

"शोधा. ज्यानं केली असेल त्याचं काही खरं नाही."

पगारेच्या बढतीचा हुकूम मार्चमध्ये निघायचा होता. झुंबरबाई त्याच्याकडे बघत होती, आणि त्याला तिच्याकडे बघवेना.

त्र्याहत्तरचा तो दिवस त्याच्या मनातून कधी गेलाच नव्हता. दुष्काळाचं साल. सारी काळखडी खडी फोडायच्या कामावर दूर छावणीत गेलेली. बत्तीस घरं, दारांना बाभळीच्या फांद्या लावलेल्या, कुत्रंसुद्धा नाही. तो भर दुपारी गल्लीतून चालला होता आणि एका बंद दारामागून जात्याची घरघर ऐकू आली. तीही दाण्यांची नव्हे. नुसता दगडावर दगड, कोरडा. पगारे हा चारचौघांत छाती ठोकून सांगणारा माणूस, की आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच भुतंखेतं सोडली. त्याची त्या दुपारी पाचावर धारण बसली. दार न वाजवता तो जवळजवळ पळतच फाट्यावर आला आणि एसटीत बसून त्यानं कागदावर लिहिलं, 'बेचिराख'. एसटी चुकली असती, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. पण घरी बायको पाट्यावर चटणी वाटायला बसली की तो उठून ओट्यावर जायचा. तिला वाटायचं, तिखटाचा खकाणा सोसत नाही.

साहेबांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी पगारे आणि झुंबरबाई फाट्यावर उतरून दोन कोस चालली. काळखडीच्या भिंती खचल्या होत्या, दारं-चौकटी लोकांनी सोडवून नेल्या होत्या. एका घराचं अंगण तेवढं सारवलेलं होतं.

"बसा. कोरा च्या चालंल ना? दूध न्हाई."

"चालेल. बाकीची माणसं कुठं गेली, आजी?"

"दुष्काळ सरल्यावर आली व्हती की समदी. पर साळा मिळंना, रेशन मिळंना. मत टाकाया बी दुसऱ्या गावाला. पोरांची लगनं जमंनात. बेचिराख गावात पोरगी कोन दील? एकेक घर उठलं. कुनी अंबडच्या कारखान्यात, कुनी ओझरला. माजा यादव बी अंबडलाच हाय. चल म्हनतो."

"मग जात का नाही?"

"म्या गेले तर तुमचा कागद खरा व्हईल."

पगारेनं कप खाली ठेवला.

"आजी, त्या साली पाहणीला आलो होतो तो मीच."

"ठावं हाय. फटीतनं बघितलं व्हतं. कानामागं पेन्सिल व्हती तुमच्या."

"मग हाक का नाही मारली?"

"तापानं पडले व्हते म्हून तर मागं ऱ्हायले. घसा पार बसलेला. आन् भाईर कशी येऊ? एकच लुगडं, ते बी धुऊन वाळत टाकलेलं. परका बाप्या दारात. म्हून जातं वढलं. आत मानूस हाय, येवढं तरी कळंल."

"दळायला काय होतं?"

"काय आसनार? रिकामं जातं फिरवू नये म्हनत्यात. फिरवलं."

अकरा वर्षं ज्या आवाजाला तो भीत आला होता, तो आवाज त्यालाच बोलवत होता. पगारेला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

"मला शिव्या तरी द्यायच्या होत्या," तो म्हणाला.

"शिव्या देऊन गाव बसतं व्हय? ज्यानं पुसलं त्यालाच लिवता येतंया, म्हून तुमच्या टेबलाशी येत व्हते. चार वर्सांमागं तुमी रजेवर व्हता, तवा अर्ज तसाच माघारी आनला म्या."

त्यानं पंचनाम्याचा कागद काढला. तळाशी गावातल्या पाच पंचांच्या सह्या हव्या होत्या. त्यानं रिकाम्या गल्लीकडे बघितलं. तेव्हा खोटं लिहिलं होतं. आता, या एका बाईपुरतं सोडलं तर, ते खरं होऊन बसलं होतं.

"गावाला मानसं किती लागत्यात, दादा?" तिनं विचारलं.

पगारेला सगळे नियम पाठ होते. हा कुठंच नव्हता.

त्यानं लिहिलं, 'सन १९७३ ची पाहणी मी केली. गावात माणूस असल्याचा आवाज ऐकूनही मी भिऊन दार वाजवले नाही. सबब नोंद चुकीची आहे. कुटुंब एक. लोकसंख्या एक.' पाचांच्या जागी एकच अंगठा उमटला. खाली त्यानं सही केली, अकरा वर्षांपूर्वी केली तशीच, पूर्ण नावानिशी.

यादीत काळखडीची ओळ आली. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला, पण खोडली नाही. पगारेची चौकशी लागली, बढती गेली ती गेलीच. तो त्याबद्दल कुणाशी बोलला नाही.

पण पंचनाम्याच्या त्या दुपारी तो निघाला तेव्हा झुंबरबाई काठी टेकत बरोबर चालू लागली.

"तुम्ही कशाला येता, आजी? ऊन किती आहे."

"पाव्हन्याला शिवंपातूर पोचवावं लागतं. आमच्या गावची रीत हाय."

शिवेच्या दगडाशी ती थांबली. "हितवर आमचं," ती म्हणाली. पगारे पलीकडे गेला. बरंच चालून त्यानं मागं वळून बघितलं, तर ती तिथंच होती. पाहुणा दिसेनासा होईपर्यंत गावानं उभं राहायचं असतं, आणि त्या उन्हात गाव उभं होतं.