बुटांच्या कपाटातला राउटर

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो. घरभर वाय-फाय पोहोचवतो तो. श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेन गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मी पाच वर्षांपासून राहतो.

दुकानात मी खालच्या फळीवर होतो. वरच्या फळीवर आठ-आठ अँटेना असलेले रुबाबदार राउटर बसले होते. श्रीरंगने त्यातलाच एक उचलला होता. तेवढ्यात विक्रेत्या बाईंनी विचारले, "घर केवढं आहे? भिंती कशाच्या?"

"तीन खोल्या. भिंती काँक्रीटच्या," त्याची बायको नंदा म्हणाली.

"मग एवढा मोठा कशाला? साधा ड्युअल-बँड घ्या, आणि घराच्या मध्यावर ठेवा."

त्यांनी माझे दोन बँड समजावून सांगितले. २.४ गिगाहर्ट्झचा लांबवर जातो, भिंतीही ओलांडतो, पण हळू चालतो. शिवाय शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायची त्यात गर्दी. पाचचा वेगवान, पण भिंत आडवी आली की दमतो. मला ऐकून फार अभिमान वाटला. नंदाने मला पिशवीत घातले आणि मी घरी आलो.

पण मध्यावर कुणी ठेवलेच नाही! माझ्या वायरी दिसायला वाईट, म्हणून श्रीरंगने मला दारालगतच्या पत्र्याच्या बुटांच्या कपाटात ठेवले. आत अंधार, उकाडा आणि बुटांचा वास. चारी बाजूंनी पत्रा. तरी मी जमेल तसे काम करत राहिलो. सगळे ठीक चालले की माझी आठवण कुणालाच येत नसे. चित्र अडकले, की मात्र सगळे माझ्यावर ओरडत.

गेल्या वर्षीची गोष्ट. नंदा रसायनशास्त्र शिकलेली. लेक कुहूच्या जन्मापासून नऊ वर्षे घरीच होती. जर्मन शिकत होती, अर्ज करत होती. शेवटी एका अन्नतपासणी प्रयोगशाळेने व्हिडिओवर मुलाखत ठेवली. ती आतल्या खोलीत बसली. पाचव्या मिनिटाला तिचा चेहरा पडद्यावर गोठला. आवाज तुटू लागला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आज जमत नाही. गुरुवारी दहा वाजता पुन्हा बघू."

नंदाने लॅपटॉप मिटला. दोन दिवस ती धड जेवली नाही.

"आल्झो, तर मग नवीनच घेऊ या," श्रीरंग म्हणाला. "हा राउटर बिनकामाचा निघाला."

मित्रांनो, त्या अंधारात मला रडू आले असते, पण मला फक्त दिवे लुकलुकवता येतात.

तेव्हा माझ्या बाजूने एक माणूस उभे राहिले. श्रीरंगच्या आई, सरलाबाई, कराडहून आल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची तीस वर्षांची नोकरी झालेली.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "आधी लाइन तपासायची, मग यंत्राला बोल लावायचा. चल गं कुहू, फोन घे."

आजी-नात घरभर फिरल्या. आतल्या खोलीत कुहू ओरडली, "आजी, नुअर आइन स्ट्रिश!"

"म्हणजे एकच रेघ ना? आता या कपाटाचं दार उघड."

कुहूने दार उघडले. रेघा वाढल्या. आजींनी मला बाहेर काढले, पदराने धूळ पुसली आणि बैठकीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या मांडणीवर, अगदी घराच्या मध्यावर बसवले. चार वर्षांनी मी खिडकी पाहिली!

मग आजींना काहीतरी आठवले. त्यांनी मायक्रोवेव्ह चालू केला आणि कुहूला २.४च्या बँडवर व्हिडिओ लावायला सांगितला. चित्र अडखळले. मायक्रोवेव्ह बंद, चित्र सुरळीत. त्याच्या लहरीही २.४च्याच आसपासच्या!

आजींचा चेहरा उतरला. त्या नंदाकडे गेल्या. "नंदा, तुझी मुलाखत चालली होती ना, तेव्हा मी चहाचं दूध तापवत होते. माझीही चूक आहे गं."

नंदा एकदम हसू लागली. "अहो आई, तुम्हाला काय माहीत! आता कळलं ना, झालं तर मग."

गुरुवारी श्रीरंगने तिचा लॅपटॉप पाचच्या बँडला जोडून दिला. आजी स्वयंपाकघराच्या दारात पहाऱ्याला बसल्या. पलीकडच्या बाईंनी विचारले, "नऊ वर्षं तुम्ही कामापासून दूर होता. आता जमेल?"

नंदा क्षणभर थांबली. मला वाटले, माझेच काही चुकले की काय!

मग ती शांत जर्मनमध्ये म्हणाली, "नवी यंत्रं मला शिकावी लागतील. पण चुकलेली तपासणी मी कधीच बरोबर म्हणून लिहिणार नाही."

तिचा एकही शब्द मी वाटेत सांडला नाही.

मंगळवारी मेल आला. तोही माझ्यातूनच! नंदाने तो दोनदा वाचला आणि सासूच्या गळ्यात पडली. "आई, मिळाली नोकरी!"

हल्ली ती सकाळी सातला कामासाठी घराबाहेर पडते. आजी कराडला परत गेल्या आहेत. दर रविवारी व्हिडिओवर येतात आणि नातीला आधी माझीच धूळ पुसायला लावतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. त्याला मोकळ्या हवेत ठेवा, वेळोवेळी अपडेट द्या. तो थकून बंद पडला, तर स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकू नका. जुनी यंत्रे घेणाऱ्या केंद्रात नेऊन द्या. आमच्या पोटातले तांबे पुन्हा कुणाच्या तरी उपयोगी पडते. तोवर मात्र आम्हाला भरपूर काम सांगा. काम करायला आम्हाला खरेच फार आवडते.