बुटकी पपई

"उंच पायजे का बुटकी?" रोपवाटिकेतल्या दिपालीनं विचारलं.

डोंगरसिंगला दोन्ही पिशव्यांतली रोपं सारखीच दिसत होती. "पपईतलं मले काई समजत नाई," तो म्हणाला. "बायकोसाठी पायजे. तिले लकवा मारला. दुसरं काई गिळत नाई, पपई तेवढी खाते."

सारा जन्म त्यानं ट्रक चालवला. कापसाच्या गाठी घेऊन सुरतेला जायचा, तिकडचा माल भरून परतायचा. गेल्या पावसाळ्यात रामीबाई चुलीपाशी कोसळली आणि ट्रक जोडीदार शंकरसिंगकडे गेला. तेव्हापासून खाट, चूल, मोरी. आज शेजारची उज्ज्वला तिच्यापाशी बसली म्हणून तो तांड्यातून दारव्ह्याला येऊ शकला.

"उंच, गावरान लावाल त नर निघते का मादी, फूल आल्याबिगर समजत नाई," दिपाली सांगू लागली. "पण मादी निघाली त लई वर्षं जगते. ही बुटकी लवकर फळते, हातानं तोडता येते. फक्त दोन-तीन वर्षांत थकते. मंग उपटून टाकाची."

दोन-तीन वर्षं. ऐकून त्याला एकदम मोकळं वाटलं. का वाटलं ते लक्षात आलं तसा तो चपापला आणि उगाच रोपाच्या पानावरची माती पुसत राहिला.

"हीच द्या," तो म्हणाला.

तांड्याकडे जाणारी जीप भरेपर्यंत तो मागच्या सीटवर रोप मांडीवर घेऊन बसला. तेवढ्यात शंकरसिंगचा फोन आला.

"सुरतले निंगालो. चाल ना सोबत. लगेच वापस येऊ."

"घरी कोण पाह्यन?"

"पोरीले बोलाव."

"तिले तिचे लेकरं हायेत."

फोनमध्ये मागे ट्रकच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. शंकरसिंगनं फोन ठेवला, तरी डोंगरसिंगनं तो कानालाच धरून ठेवला.

घरी पोहोचताच उज्ज्वला उठली. "काका, तुमी गेल्यापासून काकू दाराकडंच पाहून राह्यल्या."

ती गेल्यावर त्यानं रोप खाटेजवळ आणलं. रामीबाईचं बोलणं आता त्याच्याशिवाय कुणाला कळत नसे.

"कोणती?"

"बुटकी. लवकर फळते म्हंते."

"किती वर्षं... राह्यते?"

"लई वर्षं."

रामीबाईनं पानं निरखली. तो ट्रक घेऊन बाहेर असताना परसातली पपईची झाडं तिनंच लावली होती, तिनंच वाढवली होती.

"खोटं," ती म्हणाली. "हे लवकर जाते."

डोंगरसिंगनं रोप खाटेखाली ठेवलं. मग तो विझत आलेली चूल सारखी करू लागला.

"बरं केलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मले बी... तेवढंच पुरे."

तो कुदळ घेऊन परसात गेला आणि कुंपणापाशी, चांगलं ऊन येतं तिथं, खड्डा खणला. रोप न्यायला आत आला तेव्हा रामीबाईनं शाबूत असलेला उजवा हात उचलून खिडकीकडे दाखवलं. अलीकडे. खाटेवरून दिसेल असं.

डोंगरसिंगनं कुंपणाजवळचा खड्डा बुजवला, वरची माती पायानं दाबली आणि खिडकीसमोर दुसरा खणायला घेतला.