उणकलला उतरलेला माणूस

हुबळीहून धारवाडला मी एकोणीस वर्षं पॅसेंजरने कचेरीला जातो. मध्ये उणकल लागतं. गाडी थांबते, दुधाच्या दोन घागरी चढतात, एक म्हातारा उतरतो, गाडी सुटते. एकोणीस वर्षांत मी तिथे उतरलो नव्हतो. उणकलला चंद्रमौळेश्वराचं चालुक्यांच्या वेळचं देऊळ आहे हे आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळे ते कुणी पाहिलेलं नाही.

सन बेचाळीसच्या सप्टेंबरात एका शनिवारी माझ्यासमोर मद्रासकडचा एक गृहस्थ बसला होता. उणकल आलं तसं त्याने खिडकीबाहेर बोट केलं आणि इथलं देऊळ कसं आहे म्हणून विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो. "अवश्य पाहावं असं."

"नक्षी?"

"फार बारीक."

बावन्न वर्षांच्या सरकारी कारकुनाने परक्या माणसाशी इतकं धडधडीत खोटं बोलावं, याची मला घरी आल्यावर लाज वाटली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण तिमाही पत्रकांसाठी कचेरी उघडी होती. परतताना मी उणकलला उतरलो, देऊळ पाहिलं, पुढची गाडी चुकली म्हणून हुबळीतल्या केशवापूरपर्यंत चालत घरी आलो. माझा गुन्हा एवढाच.

त्याच रविवारी संध्याकाळी उणकलच्या अलीकडे कुणीतरी तारायंत्राच्या तारा तोडल्या.

मंगळवारी सकाळी दारात पोलीस आला. आमच्या मंडळी वेणूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. तांब्या तसाच धरून त्यांनी विचारलं, "अहो, काय केलंत?" काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. तीस वर्षांच्या संसाराचा निकाल तिथेच लागला.

"देऊळ पाहिलं," मी म्हणालो.

"हे बाहेर बोलू नका," त्या म्हणाल्या.

पोलिसाबरोबर ठाण्याच्या वाटेवर मी मनात हिशेब मांडत होतो. आमच्या कचेरीतल्या परशुरामपंतांनी ऑगस्टात 'चले जाव'ची एक मिरवणूक नुसती थांबून पाहिली होती. ते अजून हिंडलग्याच्या तुरुंगात होते. मला पेन्शनीला तीन वर्षं राहिली होती आणि मुलीचं, शालिनीचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं होतं. मुलाकडच्यांनी मुलगी पाहिली, पत्रिका पाहिली, माझी नोकरी पाहिली. यातली एक गोष्ट आज दुपारपर्यंत जाणार असं दिसत होतं.

फौजदार हणमंतराव जुन्या हुबळीतले. आवाज मऊ. मऊ आवाजाच्या फौजदाराची मला जास्त भीती वाटते.

"बसा की, हेबळीकर. रविवारी उणकलला उतरलात?"

"होय."

"तिकीट कलेक्टर सांगतो, एकोणीस वर्षांत तुम्ही कधी उतरला नाहीत. फलाटावर नवं माणूस कोण दिसलं म्हणून आम्ही विचारलं, तर त्याने तुमचं एकट्याचं नाव घेतलं. कशाला उतरलात?"

"देऊळ पाहायला."

त्यांचा टाक थांबला. "पाहुणे आले होते?"

"नाही."

"नवस?"

"नाही."

"अभिषेक, श्राद्ध, काही?"

"नाही. नुसतं पाहायला."

"नुसतं," फौजदार हवालदाराकडे बघून म्हणाले. हवालदाराने उठून हळूच दार लोटलं.

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"विजापूरचा घुमट पाहिलात?"

"दोनदा."

"हंपी?"

"सहकुटुंब."

"बदामी?"

"एकदा. पुन्हा जायचं आहे."

हे शेवटचं बोलायला नको होतं. फौजदारांनी ते लिहून घेतलं.

"म्हणजे मुलूखभर हिंडलात. घरापासून तीन मैलांवरचं देऊळ तेवढं राहिलं, आणि तारा तुटल्या त्याच दिवशी त्याची आठवण झाली. हेबळीकर, माझा आजा याच गावात वारला, बाप याच गावात वारला. दोघांनी ते देऊळ पाहिलं नाही. मी पाहिलं नाही. हा हवालदार तर उणकलचा जावई. काय रे, पाहिलंस?"

"नाही, साहेब. सासरवाडीला गेलं की वेळ कुठे मिळतो?"

"ऐकलंत? आणि तुम्ही म्हणता, नुसतं पाहायला!"

मग त्यांनी माझ्या कोटाचे खिसे तपासायला सांगितले. तपकिरीची डबी निघाली, पास निघाला, वही निघाली. त्या वहीत मी देवळासमोर उभं राहून एक चौकोन काढला होता. पुन्हा कुणा मद्रासवाल्याने विचारलं तर निदान खोटं बोलायला नको, या सद्हेतूने. वही कचेरीची होती. म्हणजे आणखी एक कलम.

फौजदार मोठ्याने वाचू लागले. "चौकोन. चारी बाजूंना बाण. 'आत शिरायला चार वाटा. पूर्वेला मोकळं. पश्चिमेला घरं लागून. उत्तरेला म्हैस.' हा नकाशा कशाचा?"

"देवळाचा. चार दिशांना चार दरवाजे आहेत."

"आणि म्हैस म्हणजे कोण?"

"म्हैसच. बांधलेली होती."

"कुणाचं टोपणनाव?"

"साहेब, ती खरोखर म्हैस आहे हो!"

माझा आवाज चिरकला. निरपराध माणसाचा आवाज असा चिरकत नसणार, असं मलाच वाटलं. फौजदार आपली टोपी उचलून म्हणाले, "चला. चार दरवाजे दाखवा. चार निघाले तर पुढचं बोलू. तीन निघाले, तर हे चित्र देवळाचं नाही असं मी धरणार."

टांग्यात माझ्या एका बाजूला फौजदार आणि दुसऱ्या बाजूला हवालदार. निम्म्या वाटेत मला एकदम आठवलं. मी तीनच दरवाजे पाहिले होते! उत्तरेला म्हशीने शिंगं रोखली, म्हणून मी तिकडे गेलोच नव्हतो. तीन बाजूंना दार आहे तर चौथ्याला असणारच, असं धरून मी बाण काढला होता. एकोणीस वर्षं मी पत्रकं अशीच भरली आणि कधी काही बिघडलं नाही. आता मात्र त्या एका बाणावर माझी पेन्शन, मुलीचं लग्न आणि पुढची काही वर्षं लटकली होती. चालुक्यांना मी मनातल्या मनात हात जोडले. इतक्या राजांनी इतकी देवळं बांधली. एका दारासाठी कंजूषपणा केला नसेल, एवढीच प्रार्थना.

देऊळ घरांच्या गर्दीत दडलेलं. पूर्वेचा दरवाजा दिसला. "एक," फौजदार म्हणाले. दक्षिणेचा दिसला. "दोन." पश्चिमेला एका घराच्या पडवीला वळसा घालून "तीन." मग आम्ही उत्तरेकडे वळलो.

म्हैस होती. तिच्या मागे दार नव्हतं. तिथे पुरुषभर उंचीचा कडब्याचा ढीग होता आणि त्याला टेकून रचलेल्या शेण्या.

"चौथा?" फौजदारांनी मऊ आवाजात विचारलं.

मी बोट दाखवलं. कडबा, म्हैस आणि आकाश यांपैकी नेमकं काय दाखवतोय ते मलाही कळत नव्हतं. हवालदाराने माझा दंड धरला.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. नीलव्वा तिचं नाव. फौजदारांनी तिला कन्नडात ढीग काढायला सांगितलं तशी ती खवळली. "यप्पा, पावसात ठेवू कुठे? सरकार छप्पर देणार का?" तरी हवालदार कडबा ओढू लागला. एक पेंढी, दहा पेंढ्या. मी डोळे मिटून घेतले होते. मग कडबा पडण्याचा आवाज थांबला.

डोळे उघडले. दगडी चौकट होती. चौकटीवर वेलबुट्टी, वेलीत बोटभर माणसं, कुणी नाचणारी, कुणी ढोल वाजवणारी. नक्षी फार बारीक होती. म्हणजे त्या मद्रासवाल्याशी मी खोटं बोललो नव्हतो.

फौजदार चौकटीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. ढोलवाल्याच्या अंगावरची काडी त्यांनी नखाने काढली. "तीन मैल," ते स्वतःशीच म्हणाले. मग एकदम भानावर येऊन मागे वळले आणि त्यांचा चेहरा पुन्हा फौजदाराचा झाला.

"दरवाजे चार आहेत. पण हे मी वर काय लिहू? देऊळ बघायला उतरला म्हणून? साहेब धारवाडचे आहेत, त्यांनीही ते पाहिलेलं नसणार. हे वाचून तुम्हांला आत घालतील आणि मला विचारतील, किती खाल्लंस?"

तेवढ्यात नीलव्वा माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "हा रविवारचाच बाबा की! माझ्या म्हशीकडे टक लावून बघत होता, वहीत लिहीत होता. मी म्हटलं गिऱ्हाईक आलं. दोन्ही वेळ दूध देते म्हणून सांगायला पुढे गेले, तर पळाला!"

"कधी?"

"दिवे लावले तेव्हा. तिकडे तारा तुटल्याचा आरडाओरडा झाला, तेव्हा इथेच होता."

फौजदारांचा चेहरा उजळला. त्या दिवशी सकाळपासून त्यांच्या कानांवर पडलेली ही पहिलीच विश्वास ठेवण्याजोगी गोष्ट होती.

"असं सांगा ना मग, हेबळीकर! म्हैस बघायला आला होतात."

"पण मी देवळासाठी—"

"मुलगी लग्नाची आहे ना तुमची?"

देवळाच्या पायरीवर बसून फौजदारांनी जबाब लिहिला. सदर इसम उणकल येथे म्हैस पाहण्यास उतरला. वहीत तसा उल्लेख आहे. मी सही केली. एकोणीस वर्षांत माझी सही इतकी वाकडी कधी आली नव्हती.

"आणि हिला घेऊन टाका," उठता उठता ते म्हणाले. "न घेता गेलात तर वरून पुन्हा प्रश्न यायचा. नुसती पाहायला?"

ती आमच्या परसात बांधली आहे. वेणूबाई तिच्याशी बोलतात, माझ्याशी कमी. हवालदार महिन्यातून एकदा येतो, म्हैस आहे ना बघतो, ताक पितो आणि जातो. तिने एक वेळ वैरण खाल्ली नाही तर माझी झोप उडते. ती मेली तर माझा जबाब मरतो.

मार्गशीर्षात शालिनीचं लग्न झालं. पंगतीत साताऱ्याचे व्याही माझ्या शेजारी बसले होते. समोरच्या रांगेत हवालदार जेवत होता. त्याला बोलावणं नव्हतं, पण नाही कोण म्हणणार? व्याही भातावर तूप घेत म्हणाले, "जवळच उणकलला कसलंसं प्राचीन देऊळ आहे म्हणे. उद्या जाऊन यावं म्हणतो. पाहण्यासारखं आहे का?"

हवालदाराचा हात पानावरच थांबला.

"छे," मी म्हणालो. "म्हशी बऱ्या मिळतात तिथे."

हवालदाराने मान डोलावली आणि आणखी जिलबी मागितली.