आरशातली निळी जीप

थेन दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. सख्खा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, राहायला चार घरं पलीकडे. रविवारी चर्चमध्ये समोरासमोर आलो की हातातली टोपी हरवल्यासारखी शोधायला लागायचा. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हृदयात जाळी बसवली, ते मला किराणा दुकानात कळलं. पावट्याचे डबे उचलता उचलता! मी डबे तिथेच टाकले आणि गाडीत बसून रडले.

आणि भांडण कशावरून, तर बॅटरीवरून.

आमचा रेड लेज नावाचा जीपवाल्यांचा क्लब आहे. महिन्यातून एकदा आठ-दहा गाड्या मिळून आम्ही वाळवंटातल्या खडकाळ वाटांवर जातो. निघण्याआधी पेट्रोल पंपामागच्या पटांगणात प्रत्येक गाडी तपासायची, आणि तपासणार मी. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, ओरडण्याचा सराव आहे. ओढायचे हूक पुढे-मागे बोल्टने पक्के हवेत. आग विझवायचं नळकांडं बसल्या जागी हाताला लागलं पाहिजे. स्टेपनी त्याच मापाची, माणशी गॅलनभर पाणी, पट्टे धड, रेडिओ चालू. सगळं नीट असेल तर काचेच्या कोपऱ्यात हिरवा स्टिकर. नसेल तर गाडी घरी, मग मालक कोणी का असेना.

दोन वर्षांपूर्वी थेनने बॉनेट उघडलं, तर बॅटरी रबरी दोरीने बांधलेली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "थेन, ही बॅटरी आहे की शेळी? दोरीने काय बांधलीस?" लोक खो खो हसले. थेन गाडीत बसला आणि निघून गेला, तो गेलाच.

या एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी मी तपासणीला उभी होते, तर त्याची निळी जीप, पांढऱ्या टपाची, रांगेत येऊन उभी राहिली. माझ्या हातातली पाटी खाली पडली. क्लबचा म्होरक्या ऑरिन उगाचच आकाशाकडे बघायला लागला.

थेनने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "बघ."

बघितलं. बॅटरीला लोखंडी पट्टी, चार बोल्ट, वर रंगसुद्धा दिलेला. मी हलवून पाहिली, तसूभर हलेना. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीच्या नावावर खपवलं. बाकीचं सगळं मग मी भराभरा बघितलं. खरं सांगायचं तर बघितल्यासारखं केलं. मला काही सापडायला नको होतं.

राहिला रेडिओ. माझ्या हातात माझा छोटा रेडिओ, आणि मी त्याच्या खिडकीला टेकून उभी.

"बोल," मी म्हटलं.

त्याने माइक तोंडाशी धरला. "ऐकू येतंय का?"

आलं ऐकू. रेडिओतून आलं की खिडकीतून, हे मी स्वतःला विचारलं नाही. बरोबरची खूण केली आणि स्टिकर चिकटवला.

तो माझ्याकडे बघत राहिला. "झालं?"

"झालं."

"सगळं बघितलंस?"

"बघितलं रे बाबा. लाव गाडी रांगेत."

तरी तो हलेना. काहीतरी म्हणायचंय आणि सुचत नाही, असा चेहरा. मला त्याचा अर्थ लागला नाही. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा निघाला.

आठ गाड्या. पहिला ऑरिन, सातवी माझी लाल जीप, आठवा थेन. शेवटची जागा पूर्वीपासून त्याचीच, कारण क्लबची मोठी औषधपेटी आणि साखळ्या त्याच्याकडे असतात. आमचा नियम सोपा आहे. आपल्या मागची गाडी आरशात दिसली पाहिजे. दिसली नाही तर थांबायचं. आणि फाट्यावर मागच्याला आपण कुठे वळलो ते दिसेपर्यंत चाक हलवायचं नाही. म्हणजे त्या दिवशी थेन माझ्या जबाबदारीवर होता. सव्वीस वर्षं शाळेची पोरं मी आरशातच सांभाळली, मला त्यात काय अवघड?

वाट सुरू होते तिथे खडकांवर पकड यावी म्हणून सगळ्यांनी टायरची हवा निम्म्यावर आणली आणि निघालो. कोरड्या ओढ्यात उतरल्यावर धूळ अशी उठली की पुढे ना मागे काही दिसेना. मी गाडी हळू केली. थोड्या वेळाने आरशात निळा रंग आला, वर पांढरा टप, दोन दिवे लावलेले.

आता हे दिवे. थेनचा डावा दिवा गेली पंधरा वर्षं झाडावरचे कावळे दाखवतो. आज दोन्ही दिवे सरळ. मला वाटलं, बघा, बॅटरी बांधली तसा दिवाही सरळ केला! इतका आनंद झाला की मी हॉर्न दिला. मागून दोन वेळा हॉर्न आला. थेन जन्मात हॉर्न वाजवत नाही. मी जरा चमकले. पण म्हटलं, दोन वर्षांत माणूस बदलतो.

उतार आला तेव्हा मी रेडिओवर म्हटलं, "थेन, इथे डावीकडून घे." उत्तर नाही. अजून रुसलाय, मी मनाशी म्हटलं. पण जीप आली बरोबर डावीकडूनच. मग ऐकतोय ना, बोलत नाही एवढंच. मला हसावं की रडावं कळेना.

वाळक्या जुनिपर झाडाच्या फाट्यावर मी नियमाप्रमाणे थांबले. निळी जीप आली, तिने दिवे मिचकावले, मग मी उजवीकडे वळले.

साडेबाराला सपाट खडकावर जेवायला थांबलो. ऑरिनने बोटाने गाड्या मोजल्या. "आठ निघालो, आठ आलो. जेवा."

मी घरून दोन हॅम सँडविच आणली होती, एक मोहरी जास्त लावलेलं, थेनला आवडतं तसं. रूट बिअरच्या, म्हणजे गोड सोड्याच्या, दोन बाटल्या काखेत. दोन वर्षं घोकलेलं वाक्य ओठांवर. निळ्या जीपचं दार उघडलं आणि मी खाली मान घालून एका दमात बोलून टाकलं, "थेन, ते शेळीचं मी चारचौघांत बोलायला नको होतं. चुकले मी."

"काही हरकत नाही," आवाज आला. "पण शेळी कुठली?"

मी वर बघितलं. आखूड चड्डी, काटक्यांसारखे पाय, तांबडी दाढी. मी या माणसाला आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"तुम्ही कोण?" मी ओरडले.

"मी ग्लेंडन. कोलोरॅडोहून आलोय." तो इकडेतिकडे बघायला लागला. "तुम्ही कोण? डार्विन कुठे गेले?"

"कोण डार्विन?"

"आमचे म्होरके! पिवळी टोपी!" त्याने ऑरिनकडे बोट केलं. "ते नाहीत का डार्विन?"

"मी ऑरिन," ऑरिन म्हणाला, त्यालाच खात्री नसल्यासारखा.

हळूहळू उलगडत गेलं, म्हणजे आणखीच गुंतलं. ग्लेंडन त्याच्या क्लबात नवा. माणसांची ओळख सगळी कॉम्प्युटरवरची, प्रत्यक्ष गाठ आज सकाळीच, तीसुद्धा सगळे गॉगल आणि रुमालात. बाजूच्या घळीतून त्यांचा ताफा ओढ्यात उतरत होता. तो सामान आवळायला थांबला आणि धुळीतून पुढे आला, तर समोर लाल जीप. त्याच्यापुढे सकाळपासून लाल जीपच होती.

"तुम्ही हॉर्न दिलात," तो मला म्हणाला. "मला वाटलं, मला बोलावताय."

"मी भावाला बोलावत होते!"

"मग तुमचे भाऊ कुठायत?"

"आठ आहोत ना पण," ऑरिन म्हणाला. "अहो, हा आपला नाही!" "मग सात." "सात कसे? थेन धरून?" "थेन धरून आठ. थेन आहे कुठे?" ऑरिनने परत मोजलं, जणू मोजण्याने थेन खडकातून उगवणार होता. कोणी म्हणालं, तो कोलोरॅडोवाल्यांबरोबर जेवत असेल. कोणी म्हणालं, घरी गेला असेल, त्याला सवय आहे. मी रेडिओ उचलला. "थेन. थेन, बोल." नुसती खरखर.

आणि तेव्हा मला ती खिडकी आठवली. मी तिला टेकून उभी होते. हात-दीड हात अंतर. त्याचा आवाज मी रेडिओतून ऐकलाच नव्हता.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, हृदयात जाळी, फोनला रेंज नाही, रेडिओ मुका. आणि काचेवर माझ्या हाताने लावलेला हिरवा स्टिकर. त्याला परत घालवायचं नाही म्हणून मीच त्याला वाळवंटात सोडून आले होते.

मी गाडीकडे धावले, तर ऑरिन आडवा आला. "एकटं जायचं नाही, नेड्रा. तुमचाच नियम आहे."

"मी येतो," ग्लेंडन म्हणाला. "माझीपण माणसं हरवलीत."

"तुम्ही हरवलायत!" मी खेकसले. पण निघालो. वाटभर आरशात तीच निळी जीप. दर वेळी मला थेनच वाटायचा.

जुनिपरच्या फाट्यावर थेनची जीप उभी होती. तिच्या सावलीत घडीची खुर्ची, खुर्चीत थेन. पायाशी सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा ढीग. दोन-तीन तासांचा तरी असेल.

"एक वाजून वीस," तो घड्याळाकडे बघून म्हणाला. "आणि हा कोण?"

मी उतरून त्याच्या दंडाला धरलं, छातीवर हात ठेवला, मग त्याला एक फटका मारला. "पुढे का नाही आलास?"

"फाट्यावर कोणी दिसलं नाही तर बसून राहायचं. तुझ्याच नियमांच्या कागदात आहे, सहावं कलम. ओढ्यात गोळी घ्यायला थांबलो. दिवे दाखवले तुला. तू हॉर्न दिलास आणि चालू पडलीस."

"मी त्याला हॉर्न दिला! तुझ्यासाठी! अरे, तुझा तो मेला दिवा..." मला पुढे सांगता येईना. "रेडिओवर का नाही बोललास?"

थेनने माइक उचलला. वायरचं तुटकं टोक लोंबत होतं. "गुरुवारपासून तुटलीय."

"गुरुवारपासून? आणि सकाळी माझ्यापुढे माइक धरून बोललास?"

"तू पकडशील म्हणून थांबलो होतो."

तो टरफलं बुटाने सारखी करत बोलायला लागला.

"दोन वर्षांपूर्वी तू परत पाठवलंस ना, त्याच आठवड्यात घाटात दोरी तुटली. बॅटरी पंख्यावर गेली. ठिणग्या, धूर, अर्धं बॉनेट जळालं. घरी बायकोला सांगितलं, रंग द्यायला टाकलीय. तुला सांगायला तोंड नव्हतं. मग आज ठरवलं. वायर तशीच ठेवली. म्हटलं, नेड्रा पकडेल, चारचौघांत ओरडेल. मग मीपण चारचौघांत सांगेन की ती तेव्हाही बरोबर होती." त्याने वर पाहिलं. "आणि तू पास केलंस."

"तू परत जाशील म्हणून."

"मला काय माहीत? मी इथे बसून विचार करत होतो, एवढी तुटकी वायर हिने सोडली. म्हणजे हिला आता माझं काही पडलेलं नाही."

दोन वर्षं मला वाटत होतं की मी ओरडले म्हणून तो तुटला, आणि हा माणूस इथे उन्हात बसला होता, मी ओरडले नाही म्हणून!

मी त्याच्या काचेवरचा स्टिकर नखाने खरवडायला घेतला. अर्धा निघाला, अर्धा निघेना. मग मी वळले आणि सगळ्या वाळवंटाला ऐकू जाईल अशी ओरडले, "गाडी नापास! ही वायर आहे की शेळीचं शेपूट?"

"माझी?" ग्लेंडन दचकला.

थेन हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि या वेळी धुळीचं नाव मीही घेतलं नाही.

थोड्याच वेळात डावीकडच्या वाटेने तीन जीपा आल्या. डार्विनची पिवळी टोपी ग्लेंडनला शोधत होती, ती त्याला रागवत घेऊन गेली. जाताना त्याने माझं एक सँडविचही नेलं. मी रेडिओवरून ऑरिनला कळवलं, आठवा सापडला, आम्ही दोघं घरी चाललोय.

"तू पुढे हो," मी थेनला म्हटलं. "आज शेवटी मी."

मी मागे राहिले. पहिल्याच वळणावर त्याचे मागचे लाल दिवे पेटले. मी दिसेपर्यंत जीप हलली नाही. दुसऱ्या वळणावर तसंच, तिसऱ्यावर तसंच. चौथ्या वळणाच्या अलीकडे मी गाडी उभी केली आणि उगाचच बसून राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. मग खडकाआडून हॉर्न ऐकू आला. थेन, जो जन्मात हॉर्न वाजवत नाही, तो हॉर्न वाजवत होता.