स्टुलावरची पुढारी

"लाल पेन टोपणातच ठेव. आधी वाच, मग तपास. दोन्ही एकदम करायला जाशील तर दोन्ही बिघडेल."

माझ्या पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापिका असं सांगायच्या. त्या केव्हाच गेल्या, पण निबंधांचा गठ्ठा समोर आला की आधी त्यांचा आवाज येतो, मग कागदाचा वास. त्या दिवशीही वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी पेन टोपणात ठेवूनच बसले होते.

शाळकरी मुलांची निबंध स्पर्धा होती, विषय 'समाज बदलणारे पुढारी'. तपासणारे दोघं. एक मी, निवृत्त इतिहासशिक्षिका. दुसरे सनावळी सर, तेही निवृत्त. बायकोचा वाढदिवस सोडून जगातल्या सगळ्या तारखा त्यांना पाठ आहेत, असं त्यांची बायकोच सांगते. आणि स्पर्धा भरवणारी ग्रंथपाल म्हणजे माझी धाकटी जाऊ. संध्याकाळी पाचला कुरिअरवाला येणार, निवडलेले निबंध पुढच्या फेरीला जाणार.

माझा एक नेम आहे. घड्याळात दुपारी बाराचे ठोके पडेपर्यंत बोलायचं नाही. नोकरीत सकाळभर वर्गात बोलून घसा बसायचा, तेव्हाच देवाला म्हटलं होतं, एकदा सुटले की सकाळ तुझी. आजवर मोडला नाही. त्या दिवशी मात्र देवानं माझीच परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं.

निबंध म्हणाल तर एका साच्यातून काढलेल्या विटा. जो तो पुढारी गरीब घरात जन्मलेला, जो तो रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलेला. त्या दिव्याखाली केवढी गर्दी होत असेल! जांभई दाबत मी पुढचा निबंध उचलला.

'सगळे पुढारी उभे राहिले म्हणून मोठे झाले,' अशी सुरुवात होती. 'माझी पुढारी खाली बसली.'

मी ताठ झाले.

बाजारातल्या कापडाच्या दुकानात काम करणारी एक बाई. तेव्हा दुकानातल्या मुलींना बसायची मुभा नव्हती. गिऱ्हाईक नसलं तरी दिवसभर उभं राहायचं, मालकांना ते बरं दिसायचं. एके दिवशी ही घरून स्टूल घेऊन आली. मालकानं ते रस्त्यावर फेकलं. ही रस्त्यावर गेली, त्याच स्टुलावर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली, आत कुठलं कापड धुतल्यावर आटतं! दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानातली मुलगी आपलं स्टूल घेऊन हिच्या बाजूला. बघता बघता रस्त्यावर स्टुलांची रांग आणि दुकानं ओस. शेवटी मालक नमले. 'आज कुठल्याही दुकानात काउंटरच्या मागे स्टूल असतं,' मुलानं की मुलीनं, कोण जाणे, लिहिलं होतं. 'ते कुणामुळे आलं, हे त्यावर बसणारीलाही माहीत नसतं.'

माझ्या अंगावर काटा आला. ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि तोंडाला कुलूप! मी टेबलावर थाप मारली आणि निबंध सरांपुढे सरकवला.

सरांनी शेवटपर्यंत वाचला. "छान लिहिलाय," ते म्हणाले. "बाद."

"अहो, का?" जाऊ म्हणाली.

"नियम आहे, संदर्भ द्यायचा. इथं काय दिलाय? 'माझी मावशी, आणि त्या बाई स्वतः. सध्या मागच्या गल्लीत त्यांचं बटणांचं दुकान आहे.' मावशी हा काय संदर्भ झाला? आणि सन कुठंय? सन नाही तो इतिहास नाही, ती नुसती गोष्ट."

मी रद्दी कागद ओढून भराभरा लिहिलं. जावेनं मोठ्यानं वाचलं, "ताई म्हणताहेत, बाई हयात आहेत तर जाऊन विचारता येईल. आणि म्हणताहेत, तुमच्या पुस्तकातले संदर्भसुद्धा आधी कुणाच्या तरी मावश्याच होत्या."

मी जोरात नकारार्थी मान हलवली. दुसरं वाक्य माझं नव्हतंच. मग जरा विचार केला आणि होकारार्थी हलवली.

"जावाजावांचं पटत नाही म्हणतात," सर कुरकुरले. "इथं उलटंच."

"ते बोलणाऱ्या जावांचं. आमच्या ताई बारापर्यंत गप्प असतात, म्हणून तर घर टिकलंय."

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. रेघ मारायला हात पुढे आला, तसा मी निबंधावर तळहात ठेवला.

"बाई, हात काढा."

मी नाही काढला. पेनाचं टोक माझ्या बोटावर टेकलं, लाल ठिपका उमटला. तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळानं ठोके द्यायला सुरुवात केली. तिघंही तसेच थांबलो.

"झाले बारा," सर म्हणाले. "झोडा आता मला."

मनात केवढं भाषण रचलं होतं! तोंड उघडलं तर माझा नेहमीचाच आवाज आला, शेजारच्यालाही कान द्यावा लागतो असा.

"सर, आपण दोघांनी उभा जन्म पुढारी शिकवले. त्यातल्या एकाला तरी काही विचारता आलं का?"

सरांनी पेन जरा मागे घेतलं.

"मला तर किती विचारायचं होतं," मी म्हटलं. "ही एक मागच्या गल्लीत बसलीय."

सरांनी माझ्या बोटावरच्या ठिपक्याकडे पाहिलं आणि टोपण लावलं.

"पाचच्या आत सन घेऊन येतो. शब्द देतो," ते म्हणाले. "बाईंना आठवत नसेल तर तेव्हा कापडाचा भाव काय होता ते विचारीन. त्यावरून सन काढता येतो." आवाज असा चढला होता, जणू उद्या सहल निघायचीय. मग एकदम कडक झाले. "पण गोष्ट खोटी निघाली तर बाद!"

"खोटी निघाली तर रेघ मीच मारीन."

"एवढ्या उन्हात? चहा तरी घ्या," जाऊ म्हणाली.

"आल्यावर."

सर दारापर्यंत गेले, परत आले, आणि खिशातलं लाल पेन माझ्यासमोर ठेवलं. "हे बरोबर नको. हाताला सवय वाईट."

मी खिडकीशी गेले. कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानापाशी सर थांबले, वाकून काउंटरच्या मागे डोकावले. आतली मुलगी काहीतरी म्हणाली, तसे हसून मान हलवत सरळ झाले, आणि मागच्या गल्लीकडे वळले.