नव्व्याण्णव मण्यांची माळ

मित्रांनो, माळ म्हटलं की तुम्हाला गळा आठवेल, नाहीतर जप. मी त्यातली नव्हे. चांदवडच्या पुढे, हायवेपासून आत असलेल्या एका गावच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात मी दोन खिळ्यांना टांगलेली आहे. मी मोजायची माळ. आता जुनी झाले आहे, आणि मनात एक सल आहे. तो तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही.

मला मंगलाबाईंनी ओवलं. त्या तेव्हा इथल्या शिक्षिका होत्या. दहा लाल मणी, मग दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे मोजून शंभर. मंगलाबाई उत्तर विचारून गप्प बसत नसत. "कसं मोजलंस, दाखव बरं," असं म्हणत. मग पोरांची चिमुकली बोटं माझ्यावरून सरकत जायची. मळक्या बोटांनी माझे पांढरे मणी पिवळे पडले, पण मला त्याचा अभिमानच वाटे.

पुढे बाईंची बदली झाली आणि रवी सर आले. माणूस मनाचा चांगला, पण एकटा दोन वर्ग सांभाळणारा. त्यात शाळेचं गणित तपासायला तालुक्याहून पथक येणार असं कळलं. आदल्या दिवशी वर्ग सजवताना सरांनी पताका ओढली, ती माझ्यात अडकली आणि माझी जुनी दोरी तुटली. मणी वर्गभर पसरले. पोरांनी बाकांखालून शोधून आणले, पण शेवटच्या दहातला एक पांढरा मणी उंबऱ्यावरून बाहेर घरंगळला तो गेलाच. सरांनी घाईघाईत मला ओवलं आणि टांगलं. मोजलं मात्र नाही. शंभराची माळ शंभराचीच असणार, यात मोजायचं काय?

दुसऱ्या दिवशी पथकातल्या मॅडम आल्या. त्यांनी तिसरीतल्या समर्थला विचारलं, "माळेत मणी किती?" त्याने मला हातही लावला नाही. "शंभर!" म्हणाला. बरोबरची खूण झाली.

मग पायल आली. तिने पहिल्या मण्यावर बोट ठेवलं आणि एकेक मणी सरकवत शेवटापर्यंत गेली. "नव्व्याण्णव."

"नीट मोज."

तिने पुन्हा मोजले. एकही मणी सोडला नाही की दोनदा धरला नाही. "नव्व्याण्णवच हायेत, मॅडम."

रवी सरांचा चेहरा पडला. "अगं पायल, शंभराची माळ ना ती? मग किती?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं की पोरीचं खरं आहे. पण माळेला कुठली वाचा? मॅडमही काही वाईट नव्हत्या. त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. त्यांनी पायलच्या नावापुढे लिहिलं, 'शंभरपर्यंत मोजता येत नाही.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी पाहिलं.

त्यानंतर पायलला रोज मधल्या सुट्टीत पहिलीच्या पोरांसोबत बसवू लागले. एक ते शंभर, मोठ्याने, एका सुरात. पालकसभेत तिची आई यशोदाबाई आली, ती थेट कांद्याच्या लागणीवरून. "सर, घरी तर लय चोख मोजती वो. रोपाच्या जुड्या तीच मोजून देती. एक इकडं तिकडं व्हत नाय."

"घरचं वेगळं हो, ताई. इथं परीक्षेत चुकते," सर म्हणाले. मी तिथेच, यशोदाबाईच्या डोक्यावर वीतभर उंचीवर लटकत होते.

दोन महिन्यांनी सरांनी स्वतःच पुन्हा तपासणी घेतली. पायल माझ्यासमोर उभी राहिली. तिने पहिल्या लाल मण्यावर बोट ठेवलं. ते पुढे सरकलंच नाही.

"शंभर," ती म्हणाली.

"शाब्बास!" सरांना मनापासून आनंद झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. भिंतीवरच्या तक्त्यात तिचं नाव वरच्या रांगेत गेलं. पायल मात्र हसली नाही. खाली मान घालून जागेवर जाऊन बसली, आणि त्यानंतर तिने मला कधी हात लावला नाही. मला तर वाटलं, पुन्हा एकदा तुटावं आणि जमिनीवर विखरून पडावं. निदान वेचताना तरी कुणी मोजेल.

म्हणून मित्रांनो, आणि गुरुजींनो तुम्हीही, एक विनवणी ऐका. मुलांचं गणित खुशाल तपासा, पण ज्याने तपासता तेही एकदा तपासून घ्या. एखाद्याचं उत्तर वेगळं आलं, तर रेघ मारण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि त्याला मोजून दाखवू द्या. एवढ्याला घटकाभराहून जास्त वेळ लागत नाही.

माझ्यात नव्व्याण्णव मणी आहेत. पायलला कुणीतरी सांगा हो.