सोळावी गाठ

विहिरीच्या आतल्या भिंतीत कबुतरांची चौदा घरटी होती. अंडी एकोणीस. कबुतर एकही नव्हतं. पाण्यावर पीसही तरंगत नव्हतं.

जैनुद्दीन दोरावर लटकत घरट्यांपर्यंत जाऊन वर आला होता. येताना त्यानं एक अंडं आणलं आणि मुलीच्या तळहातावर ठेवलं. तुबानं मूठ मिटली. अंडं कोमट होतं.

"आत्ताच उठली असंन मादी," दोराच्या चाकावरचा गोवर्धन म्हणाला.

"अर्ध्या तासापासून मी इथं बसून हाय, काका. वर काहीच उडालं नाही."

तुबा यंदाच बी.एस्सी. झाली होती. बापासोबत मोर्शीच्या वर, डोंगराच्या पायथ्याच्या या मळ्यात ती आली ती गरम पाण्याचं ऐकून. दोन हजार चारचा मे महिना होता. खुशालरावांची संत्र्याची झाडं वाळत होती, म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी विहिरीच्या तळात बोर मारलं. पाणी लागलं, पण ते मुळाशी सोडल्यावर दोन झाडांची पानं गळाली. आता भिंतीतलं जुनं आडवं बोर साफ करून थंड पाण्याची वाट मोकळी करायची, हे जैनुद्दीनचं काम.

तुबानं बाटली खाली सोडून पाणी काढलं आणि थर्मामीटर बुडवलं. एकेचाळीस अंश.

"सालबर्डीच्या गरम झऱ्याले लोक जाते आंघोळीले," खुशालराव म्हणाले. "उद्यापासून मीच तिकीट लावतो. बरं, जैनूभाऊ, उतरता ना? मले मंगळवारपर्यंत पाणी पाह्यजे. नाई तं झाडं गेली म्हून समजा."

"उतरतो ना. विहिरीनं परवानगी देल्ली हाय."

जैनुद्दीनच्या घरात आजोबापासूनची रीत होती. उतरण्याआधी पेटता कंदील आत सोडायचा, विहिरीला विचारायचं. जळत वर आला तर जायचं. या महिन्यात रॉकेल मिळालं नव्हतं. म्हणून सकाळी त्यानं खुशालरावांची बॅटरी सोडली होती. ती जशी गेली तशी झगझगीत वर आली.

तुबाला हे आत्ता कळलं. "अब्बा, बॅटरी कशी विझंन?"

"नाही विझली, तेच तं सांगून राहिलो."

"तुमचं डोकं काहून दुखून राहिलं मग?"

जैनुद्दीननं कपाळावरचा हात काढला. "उन्हानं."

विहिरीत ऊन नव्हतं. तुबा उठून घराकडे गेली. खुशालरावांची बायको कौशल्या हिनं देवघरातली पणती तेल घालून दिली. "लेकरा, देवाची हाय, आठवणीनं परत आण," म्हणाली. गोवर्धननं पणती घमेल्यात ठेवून घमेलं दोराला बांधलं. दोराला जैनुद्दीननं हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. काठावरून एकेक गाठ खाली जाऊ लागली आणि तुबा मोठ्यानं मोजू लागली.

घरटी सोळाव्या गाठीवर होती. पणती नीट जळत होती. आडवं बोर विसाव्या गाठीवर. जळत होती. तेविसाव्या गाठीवर ज्योत हलली नाही, लहानही झाली नाही. चोविसाव्या गाठीवर ती नव्हती.

वारा नव्हता. वातीचा धूर वर आला नाही. तो घमेल्याच्या कडेवरून बाजूला सरकला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरला, अंथरुणावर चादर घालावी तसा. त्याच्याखाली पाणी बारीक बुडबुडे सोडत होतं.

मग खुशालराव म्हणाले, "ते खाली हाय ना पण. बोर तं विसावर हाय."

"बराबर," जैनुद्दीन म्हणाला. "चार हातांचं अंतर हाय, बेटा. मी तिथं गेलोच नाही तं काय होईन?" त्यानं दोर कमरेला गुंडाळायला घेतला.

तुबानं दोराचं टोक धरलं. "तो धूर तिथंच राहते, हे तुमाले कोणं सांगतलं?"

"अन् वर येते, हे तुले कोणं सांगतलं?"

तुबाच्या हातातलं अंडं अजून कोमट होतं, आणि अंडी सोडून कबुतरं का गेली हे तिला माहीत नव्हतं.

"एक तास द्या मले. कौशल्याकाकू चहा करून राहिल्या. चहा प्या, मग पुन्हा पणती सोडू. विसाव्या गाठीवर जळली तं मीच दोर बांधून देतो तुमाले."

"पोरगी वकील कराले पाह्यजे होती," गोवर्धन म्हणाला. जैनुद्दीन हसला, डोकं दाबत बाभळीखाली बसला. खुशालरावांनी दोनदा घड्याळ बघितलं.

चहा झाला. कौशल्या स्वतः आली, तिनं पणतीत तेल घातलं, वात पुढे केली. घमेलं पुन्हा खाली गेलं. तुबानं पहिल्या गाठीपासून मोजलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी पणती विझली, सोळाव्या गाठीवर.